ऑनलाइन टेस्टमध्ये सगळ्यांनाच १९ मार्क पडतात तेव्हा : बी.कॉम.च्या वर्गाचा अनुभव

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. मॅडम नागपुरातच बी.कॉम.ला अर्थशास्त्र शिकवतात, वर्ग संध्याकाळी ऑनलाइन कारण अर्धी मुलं दिवसा कामाला जातात. इंडेक्स नंबरचं (निर्देशांक, म्हणजे भाव किती बदलले ते दाखवणारा आकडा) युनिट झालं, गूगल फॉर्मवर २० मार्कांची टेस्ट घेतली, ६० पैकी बहुतेकांना १८-१९. दुसऱ्या दिवशी गूगल मीटवर तोंडी विचारलं तर आधारवर्ष (ज्या वर्षाच्या भावांशी तुलना करतात ते) म्हणजे काय हे चारपाच जणांनाच सांगता आलं. आता त्या विचारतात की कॉपी करता येणार नाही असं टूल कोणतं, कॅमेरा लावून परीक्षा घ्यावी का, आणि सेमिस्टरचे तीनच आठवडे उरलेत तर आता काही बदलता येईल का.

मॅडम, मी हाच विषय बरीच वर्षं शिकवतोय आणि २०२० मध्ये मीही अगदी हेच केलं होतं. टाइमर लावला, प्रश्नांचा क्रम बदलता ठेवला, पंधरा मिनिटांत फॉर्म बंद. रिझल्ट तुमच्यासारखाच आला, आणि वरून महाल भागातल्या एका मुलीचा नेटपॅक सातव्या प्रश्नाला संपला म्हणून तिला ६ मार्क पडले, जिला खरंतर वर्गात सगळ्यात चांगलं येत होतं. तिचा फोन आला तेव्हा ती रडत होती. त्या दिवसापासून मी टूल शोधणं सोडलं आणि प्रश्नाकडे पाहायला लागलो. ज्याचं उत्तर ६० जणांचं एकच आहे ते उत्तर ग्रुपवर फिरणारच, त्याला कुठलंही सॉफ्टवेअर थांबवू शकत नाही. ज्याचं उत्तर प्रत्येकाच्या घरी वेगळं निघतं ते फिरवून कोणाचाच फायदा नाही, सगळं इथूनच सुरू होतं.

कॅमेऱ्याचं आधी संपवतो. आमच्या मुलांपैकी कितीतरी जण एका खोलीत चारपाच माणसांसोबत राहतात, मागे आई स्वयंपाक करून राहिली असते, आजोबा खाटेवर असतात. त्या घरात कॅमेरा लावून बसवणं मला पटत नाही आणि त्याने काही साधतही नाही, दुसरा फोन कॅमेऱ्याच्या बाहेर ठेवला की झालं. निबंध लिहायला देणं हाही उपाय उरला नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं तेव्हापासून घरी लिहून आणलेला गुळगुळीत निबंध पाहून मुलाला काय येतं हे सांगता येत नाही. मजकूर मशीनने लिहिलाय का हे ओळखणाऱ्या डिटेक्टरच्या भरवशावर कोणाचे मार्क कापू नका ही हात जोडून विनंती, खुद्द ओपनएआयनेच आपला असा डिटेक्टर जुलै २०२३ मध्ये अचूकता कमी म्हणून मागे घेतला होता.

तर मग उरतं ऑथेंटिक असेसमेंट. ग्रँट विगिन्स नावाच्या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९८९-९० च्या सुमारास ही कल्पना जोरात मांडली, की मुलाची परीक्षा त्या विषयातल्या खऱ्या कामासारख्या कामातून घ्या. आपल्याकडे ही काही नवी गोष्ट नाही, पोहायला येतं का हे विहिरीत उतरल्यावरच कळतं, पोळी येते का हे तव्यावर कळतं. मग महागाईचा निर्देशांक येतो का हे कशावर कळेल, तर बाजारात.

मी जे करतो ते असं. प्रत्येकाने आपल्या घरची यादी करायची, महिन्याला घरात काय किती लागतं, फक्त आठ वस्तू. आईला विचारायचं, किराण्याचं बिल पाहायचं. मग चार आठवडे, दर आठवड्याला एकाच वारी एकाच दुकानातून किंवा बाजारातून त्या आठ वस्तूंचे भाव आणायचे, कोणी गोकुळपेठ, कोणी कॉटन मार्केट, कोणी सक्करदऱ्याचा बुधवार बाजार, कोणी गल्लीतलं किराणा दुकान. आणि शेवटी आपल्या घराचा निर्देशांक काढायचा, देशाचा नाही, आपल्या घराचा.

एक नमुना देतो, आकडे समजण्यापुरते आहेत. समजा घरात महिन्याला ४ किलो तूरडाळ, ३ लिटर तेल आणि १० किलो कांदे लागतात. पहिल्या आठवड्यात डाळ १४०, तेल १३०, कांदे ३० रुपये, म्हणजे ५६० + ३९० + ३०० = १२५० रुपये. चौथ्या आठवड्यात डाळ १५०, तेल तेवढंच, कांदे ४५, म्हणजे ६०० + ३९० + ४५० = १४४०. १४४० भागिले १२५० गुणिले १००, निर्देशांक ११५.२. हा लास्पेयरचा, जर्मन अर्थशास्त्रज्ञ लास्पेयर याने १८७१ मध्ये दिलेला, यात जुन्याच वजनांवर, म्हणजे सुरुवातीला जी वस्तू जितकी लागायची त्यावर, हिशेब होतो. इथपर्यंत सगळे येतात. मग मी विचारतो, कांदे महागले तेव्हा तुमच्या आईने खरंच १० किलो घेतले का? नाही सर, ६ किलोवर आणले. बरं, मग ६ किलोने हिशेब करा. नवीन खर्च १२६०, आणि तीच नवी वजनं जुन्या भावाने ११३०, भागाकार केला की १११.५. हा पाशे या दुसऱ्या जर्मन अर्थशास्त्रज्ञाचा, १८७४ चा. दोन आकडे वेगळे का आले? कारण आईने काटकसर केली. मॅडम, हे वाक्य एका मुलाने मीटवर स्वतःहून म्हटलं होतं, "सर म्हणजे दोन्हीच्या मधला फरक ही मम्मीची काटकसर आहे". वीस वर्षं फळ्यावर लास्पेयर-पाशे शिकवताना मला हे इतकं नेमकं सांगता आलं नव्हतं. पुस्तकात लिहिलंय लास्पेयर महागाई जास्त दाखवतो, मुलं पाठ करतात, पण का दाखवतो हे त्या मुलाला स्वैपाकघरात सापडलं.

आता टूल. मी गूगल फॉर्म, शीट, क्लासरूम, मीट आणि व्हॉट्सॅप एवढ्यावरच हे चालवतो आणि त्याचं कारण आहे. एडमोडो या ऑनलाइन वर्गाच्या साइटवर आम्ही किती साहित्य टाकलं होतं, ते सप्टेंबर २०२२ मध्ये बंद झालं. गूगलचा ऑनलाइन फळा जॅमबोर्ड २०२४ च्या शेवटी बंद. मायक्रोसॉफ्टचं फ्लिप, ज्यावर मुलं छोटे व्हिडिओ टाकायची, तेही २०२४ मध्ये स्वतंत्र ॲप म्हणून संपलं. दरवेळी मुलांना नवीन ॲप उतरवायला लावणं, नवीन पासवर्ड, यात त्यांचा डेटाही जातो आणि जीवही. काम नीट ठरलं असेल तर एक टूल गेलं तरी दुसऱ्यावर हलवता येतं, म्हणून आधी काम लिहून काढा, टूल नंतर.

पहिल्या वर्षी मी एकच शीट सगळ्यांना शेअर केली, तुम्ही आपापली ओळ भरा म्हणून. करू नका असं. एकाने दुसऱ्याची ओळ पुसली, आणि त्याहून वाईट म्हणजे कोणी भाव "४० रु/किलो" असा लिहिला. शीटला तो आकडा नाही, मजकूर वाटतो, बेरीज करताना ती तो गुपचूप सोडून देते, कुठे लाल अक्षरं नाहीत की एरर नाही. एका मुलीचा निर्देशांक ८८ आला आणि ती बिचारी दोन पानं स्वस्ताई का झाली हे लिहून बसली, कांदेच मोजले गेले नव्हते. तेव्हापासून भाव फॉर्ममधूनच घेतो. भावाच्या प्रश्नाला रिस्पॉन्स व्हॅलिडेशन लावायचं, फक्त नंबर, अमुक ते अमुक यामध्ये, म्हणजे कोणी ४० च्या जागी ४००० लिहिलं तर फॉर्म पुढे जातच नाही. एककाला वेगळा ड्रॉपडाउन द्यायचा, किलो, पाव, लिटर, डझन, जुडी. हा ड्रॉपडाउन विसरू नका कारण आपल्याकडे भाजीवाला "वीसचे पाव" सांगतो, तो ८० रुपये किलो झाला, आणि निम्मी मुलं पहिल्या आठवड्यात २० लिहितात. संत्रा तर अजून मजेशीर, ठेल्यावर डझनाने आणि कळमन्याच्या घाऊक बाजारात वजनाने, एका मुलाला दोन्ही भाव जुळवायला डझनभर संत्री तराजूवर ठेवून पाहावी लागली. सांबाराच्या (कोथिंबिरीच्या) जुडीचं काय करायचं यावर वर्गात अर्धा तास चर्चा झाली, जुडी उन्हाळ्यात लहान होते पण भाव तोच राहतो, मग महागाई झाली की नाही? अशी चर्चा पर्याय निवडायच्या प्रश्नांतून (एमसीक्यू) कधीच निघाली नसती.

फॉर्मचा डेटा आपोआप शीटमध्ये येतो. मग हिशेबासाठी क्लासरूममध्ये एक कोरी शीट जोडायची, जोडताना प्रत्येक विद्यार्थ्यासाठी वेगळी कॉपी बनवायचा पर्याय असतो तो निवडायचा, म्हणजे ज्याची त्याची शीट वेगळी आणि तुम्हाला सगळ्या दिसतात. फॉर्म्युले मी भरून देत नाही, फक्त रकान्यांची नावं देतो. व्हर्जन हिस्ट्रीमध्ये कोणी केव्हा काय भरलं ते दिसतं. ते चोर पकडायला वापरू नका, मुलांचा विश्वास जातो. मी ते कोण कुठे अडकलं हे पाहायला उघडतो, एखाद्याने तीन दिवस एकाच सेलमध्ये खोड-दुरुस्ती केली असेल तर मी त्याला फोन लावतो. मोबाइलपेक्षा हे लॅपटॉपवर नीट दिसतं.

फोटोही मागतो, बिलाचा किंवा पाटीचा किंवा ठेल्याचा, दर आठवड्याला एक. माणसाचा चेहरा नको, विचारल्याशिवाय दुकानाचा फोटो नको. दुकानदारांशी कसं बोलायचं हेही शिकवावं लागतं, एका मुलाला तिसऱ्या आठवड्यात भाजीवाली म्हणाली "काहून विचारतं रे बाप्पा रोज रोज, घेत तर काहीच नाही". मी सांगितलं की पहिल्याच दिवशी खरं सांगायचं, कॉलेजचं काम आहे, आणि गिऱ्हाईक नसताना जायचं. नंतर तीच बाई त्याला स्वतःहून सांगायची की आज आवक कमी आहे, छिंदवाड्याकडचा माल आला नाही. हे त्याने आपल्या विश्लेषणात लिहिलं आणि मी त्याला त्याचे पूर्ण मार्क दिले, कारण भाव का वाढला याचं कारण त्याने बाजारातून आणलं होतं.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, तोंडी. प्रत्येकाशी चार मिनिटं. तुम्ही म्हणाल ६० मुलं आहेत, हो, ६० चोक २४० मिनिटं, चार तास, पाच संध्याकाळी पन्नास पन्नास मिनिटं धरा. ६० उत्तरपत्रिका तपासायला यापेक्षा जास्त वेळ जातो हे मी घड्याळ लावून पाहिलंय. मुलाची शीट समोर उघडायची आणि त्याच्याच आकड्यांवर विचारायचं. तिसऱ्या आठवड्यात टमाटर एकदम कसा पडला? तुझ्या यादीत तेल ५ लिटर आणि शेजारच्याच्या ३, तर तेल महागलं की कोणाचा निर्देशांक जास्त हलेल? आधार म्हणून पहिल्याऐवजी दुसरा आठवडा धरला असता तर? शेवटचा प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो. ज्याने स्वतः केलंय तो थोडं थांबतो, शीटकडे पाहतो आणि सांगतो, ज्याने करवून घेतलंय त्याला आकडा कुठला कुठून आला हेच सापडत नाही. त्याला मी झापत नाही, आठ दिवस देतो, परत ये म्हणतो. बहुतेक जण परत येतात आणि तेव्हा खरंच करून येतात.

एआय वापरलं तर? वापरू देतो, फॉर्म्युला विचारायला, मराठी नीट करायला, पण कुठे वापरलं ते दोन ओळींत लिहायचं. सक्करदऱ्यात या बुधवारी मेथीची जुडी कितीला होती हे त्याला विचारून मिळत नाही, आणि तोंडीत तर मुलगा एकटाच असतो.

मार्कांची वाटणी पहिल्याच दिवशी मुलांना द्या, नंतर नाही. माझी २० ची अशी असते: भाव वेळेवर आणि खरे आणले याला ६, हिशेबाला ५, का झालं हे सांगण्याला ६ (यात तोंडी आलं), आणि दुसऱ्याची शीट तपासून दिल्याबद्दल ३. खरेपणाला ६ का, तर एका मुलाने चारही आठवडे भाव घरी बसून लिहिले होते आणि ते फार सुंदर, दर आठवड्याला बरोबर दोन दोन रुपयांनी वाढत जाणारे. खरा बाजार असा चालत नाही. त्याउलट एका आठवड्यात तब्येतीमुळे जाता आलं नाही असं लिहून रकाना रिकामा सोडणाऱ्याला मी जास्त मार्क देतो, कारण रिकाम्या जागेचं काय करायचं हाही आकडेशास्त्रातलाच प्रश्न आहे.

दुसऱ्याची शीट तपासणं हे काही जणांना वेळेचा अपव्यय वाटतं, मला तसं वाटत नाही. तुमच्या कॉलेजात मूडल हे ऑनलाइन शिकवण्याचं सॉफ्टवेअर असेल तर त्यात वर्कशॉप नावाची सोय आहे, ती कामाला वेगळे मार्क आणि दुसऱ्याचं तपासण्याला वेगळे मार्क देते, वाटपही आपोआप करते. मूडल नसेल तर जोड्या लावून द्या, बस. दुसऱ्याच्या शीटमधली "रु/किलो" वाली चूक दिसली की माणूस धावत आपली शीट उघडून पाहतो.

काही गोष्टी ज्या मी उशिरा शिकलो त्या तुम्ही आधीच सांभाळा. घरचा एकूण खर्च किंवा कमाई विचारू नका, फक्त आठ वस्तू, त्याही मुलाने निवडलेल्या. घरचं सांगायचं नसेल त्याला होस्टेलची मेस, चहाची टपरी, पोह्याच्या ठेल्याचं सामान, काहीही चालेल. तर्री-पोह्यावाल्याचा निर्देशांक तर वर्गात सगळ्यात जास्त रंगला होता, तेल आणि हरभरा महागला तर प्लेटचा भाव वाढवायचा की तर्री पातळ करायची यावर. ज्या मुलींना संध्याकाळी बाजारात जाऊ देत नाहीत त्यांना फोनवर भाव विचारायची किंवा वडिलांकडून आणायची मुभा द्या, फक्त कोणाकडून आणला ते लिहायचं. घरात एकच फोन असतो तिथे वेळेची मर्यादा तासांत नको, दिवसांत ठेवा. नेट कमी असेल तर तोंडी मीटवर न घेता साध्या फोनवर घ्या, किंवा दोन मिनिटांचा व्हॉइस नोट मागवा, तो एक एमबीसुद्धा होत नाही. बिलाचा फोटो व्हॉट्सॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर आकडे पुसट होतात.

क्विझ टाकून द्या असं मी म्हणत नाही. तुमचा गूगल फॉर्म तसाच ठेवा, मार्क काढून टाका आणि चुकीच्या उत्तराला फीडबॅक लिहा, कितीही वेळा सोडवू द्या. मार्क नसले की कॉपीचं कारणच राहत नाही आणि मुलं खरंच सराव करतात. मूडलमध्ये कॅल्क्युलेटेड प्रश्न असतात, त्यात प्रत्येकाला वेगळे आकडे येतात, हिशेबाच्या सरावाला छान.

माझ्याकडे इतर विषयांचे सहकारीही विचारतात म्हणून पटकन सांगतो. भूगोलवाल्या एका मॅडमने २३ सप्टेंबर २०२३ च्या पुरावर काम दिलं होतं, त्या रात्री अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं होतं. मुलांनी आपापल्या भागातल्या दोन माणसांना विचारून पाणी कुठवर आलं ते गूगल माय मॅप्सवर टाकलं आणि मग उंचसखल भागाशी जुळवलं, ब्राउझरमध्ये उघडतं, ॲप लागत नाही. मराठीवाल्यांनी आपल्या वॉर्डातल्या खऱ्या अडचणीचा अर्ज महानगरपालिकेला लिहायला लावला आणि पाठवायलाही लावला, पोच आली ती वर्गात वाचली. विज्ञानाला कोलोराडो विद्यापीठाची फेट सिम्युलेशन आहेत, फुकट आहेत, पण नुसतं चालवा म्हणू नका, आपल्या घरच्या बल्ब-पंख्याच्या जोडणीशी ताडून पाहा म्हणा.

आता तुमचे तीन आठवडे. चार आठवड्यांचं काम त्यात बसत नाही तर आठच्या जागी पाच वस्तू घ्या आणि तीन वेळा भाव, या शनिवारी पहिला, पुढच्या शनिवारी दुसरा, त्यानंतरच्या मंगळवारी तिसरा. बुधवारी हिशेब आणि तपासणी, गुरुवारपासून तोंडी, तीन मिनिटांची केली तरी चालेल, १८० मिनिटांत ६० जण होतात. झालेल्या टेस्टचे मार्क रद्द करू नका, ज्यांनी प्रामाणिकपणे सोडवली त्यांच्यावर अन्याय होईल, ती सराव म्हणून धरा आणि अंतर्गत गुणांत या कामाला जास्त वजन द्या, फक्त त्याआधी विभागप्रमुखांना लेखी कळवून ठेवा, म्हणजे नंतर मार्कांवरून कोणी विचारलं तर कागद असेल. फॉर्म आज रात्री बनवा, एकक ड्रॉपडाउन आणि फक्त-नंबर हे दोन्ही लावून, आणि मुलांना पाठवायच्या आधी स्वतः एकदा तुमच्या गल्लीतल्या दुकानाचे पाच भाव त्यात भरून पाहा, कुठे अडतं ते तिथेच कळेल.